शिंगं फुटलेली हरिणी : हार्डविक हॉलच्या आत

(दृश्य : टेकडीवरची दगडी इमारत. मावळतीचं ऊन.)

इंग्लंडच्या डर्बीशर भागात एका टेकडीच्या माथ्यावर हे घर उभं आहे. दर्शनी बाजू पश्चिमेला. दिवस कलला की एकेक खिडकी पेटल्यासारखी दिसते. तिकडे या घराबद्दल पूर्वापार म्हणतात, 'हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल.' भिंत कमी, काच जास्त. सोळाव्या शतकात काच फार महाग होती. या घराच्या मालकिणीची काचेची भट्टीच स्वतःची होती.

जरा वर बघा. सहा मनोरे आहेत, आणि त्यांच्या कठड्यांत दगडाचीच दोन मोठी अक्षरं, ई आणि एस. एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस, म्हणजे अर्ल ही पदवी असलेल्या सरदाराची बायको. जग तिला ओळखतं ते 'बेस ऑफ हार्डविक' म्हणून.

याच गावच्या बेताच्या जमीनदार घरातली ही मुलगी. चार लग्नं झाली, चारही नवरे तिच्याआधी गेले. शेवटचा, श्रूजबरीचा अर्ल, १५९० साली वारला. त्याच सुमारास या घराचं काम सुरू झालं आणि १५९७ मध्ये ती इथे राहायला आली. तेव्हा ती सत्तरीच्या घरात होती. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात, पण हिशेबाच्या वह्यांवर सह्या तिच्या. ती पानं स्वतः तपासायची.

(दृश्य : दगडी जिना)

आपल्या वाड्यात सदर दाराजवळच लागते. इथे मानाची बैठक सगळ्यात वर. तळमजल्यावर नोकरचाकरांचा राबता, पहिल्या मजल्यावर घरची माणसं, आणि दुसरा मजला थोरामोठ्यांच्या स्वागताचा. वर जावं तसं छत उंच होतं, खिडक्याही मोठ्या होतात. पाहुण्याला या रुंद, वळणावळणाच्या जिन्यानं सगळं घर ओलांडून चढावं लागे. दालनात पाऊल टाकेपर्यंत यजमानीण कोण आहे, हे त्याला पुरतं कळलेलं असे.

जिना संपतो तो 'हाय ग्रेट चेंबर'मध्ये. भिंतीच्या वरच्या भागात चुन्याच्या गिलाव्यात घडवून रंगवलेलं अख्खं जंगल आहे. झाडं, हरणं, शिकारी, आणि मधोमध शिकारीची देवता डायना. कुमारी देवता डायना म्हणजे त्या काळच्या कुणालाही राणी पहिली एलिझाबेथच आठवणार. राणी एक दिवस इथे येईल, अशी बेसला आशा असावी. राणी कधीच आली नाही.

इथलं एक टेबल मुद्दाम जवळून बघण्यासारखं आहे. 'एग्लंटाइन टेबल.' बेस आणि अर्लच्या लग्नाच्या वेळचं, १५६७ च्या सुमाराचं. त्याच लग्नघाईत तिच्या दोन मुलांची लग्नं त्याच्या दोन मुलांशी लागली होती. टेबलाच्या फळीत वेगवेगळ्या रंगांचं लाकूड बसवून चित्रं काढली आहेत. पत्ते, सोंगट्यांचा पट, वाद्यं. स्वरलिपी लिहिलेला एक कागदही आहे, तोही लाकडाचाच.

(दृश्य : लाँग गॅलरी. कॅमेरा सावकाश पुढे सरकतो.)

पण या घराचा जीव लाकडात नाही, कापडात आहे. त्या काळी खुर्च्या मोजक्याच असत, बाकीचे स्टुलांवर नाहीतर बाकांवर बसत. खरा पैसा भिंतींवर टांगलेला असे. ही लाँग गॅलरी सुमारे ५० मीटर लांब आहे. पावसाळी दिवसांत घरातल्या घरात फेऱ्या मारायची जागा. इथे बायबलमधल्या गिडियनची कथा सांगणाऱ्या १३ टॅपेस्ट्री आहेत, म्हणजे लोकर आणि रेशमात विणलेली चित्रं. एकेकीची उंची जवळजवळ सहा मीटर.

त्या मुळात बेससाठी विणलेल्याच नव्हत्या. राणीचा लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे बडा मंत्री, ख्रिस्तोफर हॅटन यानं त्या करवून घेतल्या होत्या. तो कर्जात बुडून मेला आणि १५९२ मध्ये बेसनं त्या विकत घेतल्या. वर हॅटनची कुलचिन्हं झाकायचा खर्च म्हणून किमतीत ५ पौंडांची सूटही मिळवली. मग रंगवलेले कापडाचे तुकडे त्या चिन्हांवर शिवले गेले. उरल्या हॅटनच्या चिन्हातल्या हरिणी. बेसच्या दुसऱ्या नवऱ्याच्या, कॅव्हेंडिश घराण्याच्या चिन्हात शिंगांचं हरीण होतं. तिनं हॅटनच्या हरिणींच्या डोक्यावर शिंगं चढवून घेतली. काम भागलं.

ही काटकसर आपल्याला परकी वाटू नये. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायच्या, तोच हात इथे मखमलीवर चाललेला दिसतो. इंग्लंडमधले ख्रिस्ती मठ बंद पडल्यावर धर्मगुरूंची जरीची वस्त्रं बाजारात आली. तीच कापून बेसच्या घरी स्त्रियांची चित्रं जोडली गेली. त्यांत नवऱ्याची वाट बघणारी पेनेलोपी आहे आणि पाल्मिराची राणी झेनोबियाही.

१६०१ साली बेसनं घरातल्या सामानाची यादी करवली. मला त्या यादीतली तिची निजायची खोली सगळ्यात जवळची वाटते. पलंगावर घोंगड्यांवर घोंगड्या. खिडकीपुढे आणि दारापुढे टांगायला जाड पांघरुणं. एवढ्या काचेच्या घरात हिवाळ्यात ती किती गारठत असेल! त्याच खोलीत नात अर्बेला स्टुअर्टचाही बिछाना होता. इंग्लंडच्या गादीवर जिचा हक्क सांगितला जाई ती अर्बेला, आजीच्या डोळ्यांसमोर, जवळजवळ कैदेतच.

बेस १६०८ मध्ये गेली. पुढे घराण्याचा मुक्काम चॅट्सवर्थ या त्यांच्या दुसऱ्या घरी हलला आणि हार्डविक मागे पडलं. नवी फॅशन आली तरी इथलं जुनं सामान कुणी काढलं नाही. घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हाती आलं १९५९ मध्ये.

(दृश्य : सुई, लोकरीचे धागे, वाकलेली बोटं)

गिडियनच्या १३ टॅपेस्ट्री एकेक करून उतरवणं, काजळी धुणं, विरलेल्या जागी टाका घालणं, या कामाला २४ वर्षं लागली. शेवटची टॅपेस्ट्री २०२३ मध्ये पुन्हा भिंतीवर चढली. उजेडानं रंग उडतो, धागा कुजतो, म्हणून त्या प्रचंड खिडक्यांवर आता पडदे ओढलेले असतात. गॅलरीत पाऊल टाकलं की आधी काहीच नीट दिसत नाही. थोडं थांबावं लागतं. मग हळूहळू किनारीतली एक हरिणी दिसायला लागते, डोक्यावर दुसऱ्याच कुळाची शिंगं घेतलेली.