हिरवा रंग कुणी दिला?

(पडद्यावर : काळोख. त्यातून हळूहळू उजळत येणारी एक पेशी. मधोमध निळं केंद्रक, भोवती हिरव्या तंतूंचं जाळं.)

निवेदन :
ही एक पेशी. निळं केंद्रक, त्याला वेढून असलेले हिरवे तंतू. बघणाऱ्याला वाटतं, सूक्ष्मदर्शकाखाली ती अशीच दिसली असेल आणि कॅमेऱ्याने तशीच टिपली असेल.

(रंग विरतात. उरतात शेजारीशेजारी दोन करड्या चौकटी.)

कॅमेऱ्याने टिपलं ते हे. करड्या छटांची दोन चित्रं, एकामागून एक घेतलेली. संशोधनातल्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे नमुन्यातल्या चमकणाऱ्या रंगद्रव्यांचा उजेड टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, बहुतेक वेळा एकरंगी कॅमेरा असतो. त्याला रंग कळत नाही, उजेड किती आला एवढंच कळतं. पहिल्या खेपेला फिल्टरने तरंगलांबीच्या एका पट्ट्यातला उजेड आत सोडला, दुसऱ्या खेपेला दुसऱ्या पट्ट्यातला. अशी प्रत्येक खेप म्हणजे एक चॅनल. निळा आणि हिरवा नंतर आले, संगणकावर, आणि ते कुणीतरी निवडले.

निवड अगदीच मनमानी होती असंही नाही. डॅपी नावाचं रंगद्रव्य डीएनएला चिकटतं आणि अतिनील प्रकाश पडला की ४६१ नॅनोमीटरच्या आसपास चमकतं. तो निळाच. जीएफपी हे प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली एका जेलीफिशमधून वेगळं केलं. ते साधारण ५०९ नॅनोमीटरला चमकतं. तो हिरवा. पण साय-फाइव्ह हे रंगद्रव्य घ्या. त्याचा उजेड ६७० नॅनोमीटरच्या जवळपास असतो आणि माणसाच्या डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. कॅमेऱ्याला मात्र स्वच्छ दिसतो. आता याला कोणता रंग द्यायचा? कुणी लाल देतं, कुणी किरमिजी, कुणी पांढरा. तिन्ही चालतात.

(पडद्यावर : अवकाशातले वायूचे उंच खांब.)

आकाशातही तेच. हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले हे वायूचे खांब जगभर पोहोचले. यातला हिरवा म्हणजे हायड्रोजन. खरं तर हायड्रोजनचा हा उजेड लाल असतो. गंधकाचा उजेडही लालच. दोन्ही लाल ठेवले असते तर एकमेकांत मिसळून गेले असते, म्हणून गंधकाला लाल दिला, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा.

(पडद्यावर : जुन्या कागदाचा पोत. त्यावर तीन काचा एकावर एक सरकतात.)

ही युक्ती जुनी आहे. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका चौकडीच्या रिबिनीचं रंगीत चित्र पडद्यावर दाखवलं. थॉमस सटन यांनी त्या रिबिनीचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून वेगवेगळे फोटो काढले होते. ते फोटो काचेवरचे आणि काळे-पांढरेच. प्रत्येक काचेतून तिच्या तिच्या रंगाचा उजेड सोडला, तिन्ही चित्रं एकावर एक पाडली आणि रिबीन रंगीत झाली. आज आपण ज्याला चॅनल जोडणं म्हणतो ते हेच.

या गोष्टीला एक पुरवणी आहे आणि मला ती मूळ गोष्टीहून मोलाची वाटते. त्या काळच्या फोटोच्या लेपाला लाल रंग दिसतच नव्हता. मग लाल काचेवर काय उमटलं? त्याचं उत्तर शंभर वर्षांनी, १९६१ साली मिळालं. रिबिनीतला लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता, लाल फिल्टर ते आत सोडत होता आणि लेपाने ते टिपले होते. काचेवर नाव लालचं, आत होतं दुसरंच काही. चॅनलला नाव असतं म्हणून त्यात तेच असेल असं धरून चालू नये. या चित्रफितीत हे पुन्हा येणार आहे.

(पडद्यावर : संगणक. फाइलींनी भरलेला फोल्डर, खाली खाली सरकणारी यादी.)

आता कामाकडे येऊ. समजा, एका प्रयोगाच्या २४० फाइली आहेत. प्रत्येकीत तीन चॅनल. फाइल उघडायची, चॅनल सुटे करायचे, प्रत्येकाला रंग द्यायचा, उजळपणा बसवायचा, पुन्हा जोडायचे, मोजपट्टी टाकायची, नाव देऊन जतन करायची. एका फाइलीला दहा क्लिक धरले तरी २,४०० होतात. वेळ जातो, पण मला त्याहून मोठी काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. सकाळी दहा वाजता बसवलेला उजळपणा आणि संध्याकाळी सहा वाजता, डोळे शिणल्यावर बसवलेला उजळपणा सारखा असत नाही. पहिली फाइल आणि दोनशे चाळिसावी फाइल यांना एकच माप लागायला हवं. मॅक्रो लिहायचा तो मुख्यतः यासाठी.

मॅक्रो म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेल्या आज्ञांची यादी, साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवलेली. जीवशास्त्रात यासाठी सर्वाधिक हाताळलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे इमेजजे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रासबँड यांनी १९८७ साली मॅकिंटॉशसाठी एनआयएच इमेज लिहायला घेतलं, आणि १९९७ मध्ये जावा भाषेत इमेजजे आलं. ते फुकट आहे आणि खुलं आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो. फिजी हा त्याचाच प्लगइननी, म्हणजे जादा जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांनी, सजलेला अवतार.

(पडद्यावर : इमेजजेची मेनूची पट्टी. प्लगइन्स, मग मॅक्रोज, मग रेकॉर्ड. एक कोरी खिडकी उघडते.)

प्रोग्रामिंग येत नाही म्हणून कुणी मागे राहू नये, म्हणून ही खिडकी बघा. रेकॉर्डर. तो चालू ठेवून नेहमीसारखं काम करायचं. प्रत्येक क्लिकला इथे एक ओळ उमटते.

(पडद्यावर : चॅनल सुटे होतात. रेकॉर्डरमध्ये ओळ उमटते.)

रन, आणि कंसात स्प्लिट चॅनल्स. पहिली ओळ आली. पडद्यावर तीन खिडक्या उघडल्या. प्रत्येकीच्या नावाच्या सुरुवातीला सी-वन, सी-टू, सी-थ्री आणि पुढे मूळ फाइलीचं नाव. आता रंग दिले, जोडले, जतन केलं. सहा-सात ओळी झाल्या. हा झाला मॅक्रो.

पण दुसऱ्या फाइलीवर तो अडतो. कारण रेकॉर्डरने जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, पहिल्या फाइलीच्या नावासकट. मॅक्रो त्या नावाची खिडकी शोधत बसतो आणि ती तर आता नाहीच. म्हणून पहिली दुरुस्ती ही : उघड्या चित्राचं नाव मॅक्रोनेच विचारून घ्यायचं, एका चलात, म्हणजे बदलती किंमत धरणाऱ्या नावात, ठेवायचं आणि जिथे जिथे जुनं नाव आलं होतं तिथे तो चल घालायचा.

दुसरी ठेच लगेच लागते. फाइलीच्या नावात मोकळी जागा असली की जोडण्याची आज्ञा नाव अर्धवटच वाचते आणि चित्र सापडत नाही म्हणते. उपाय एवढाच की नावाच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस द्यायचे. कितीतरी जण पहिल्याच दिवशी इथे अडकतात आणि मॅक्रो आपल्याला जमणार नाही असं समजून सोडून देतात. दोन कंसांसाठी. मला याचं फार वाईट वाटतं.

मग फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागवायची, ती ओळीने फिरवायची, आणि बॅच मोड चालू करायचा म्हणजे खिडक्या पडद्यावर न उघडता काम आतल्या आत उरकतं. फरक डोळ्यांना दिसेल इतका वेग वाढतो.

(पडद्यावर : जोडलेलं चित्र. यात केंद्रकं लाल दिसतात.)

हे पाहा. केंद्रकं लाल झाली. जोडण्याच्या आज्ञेत जागा ठरलेल्या असतात : पहिली लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. आपल्या फाइलीत डॅपी पहिल्या क्रमांकावर होता, करडाच होता, तो जाऊन लाल जागेवर बसला. दुसऱ्या यंत्रावर घेतलेल्या फाइलींत डॅपी शेवटी असू शकतो, कारण चॅनल कोणत्या क्रमाने टिपायचे हे यंत्र चालवणारा ठरवतो. दोन यंत्रांवरच्या फाइली एका फोल्डरमध्ये मिसळल्या तर मॅक्रो बिनबोभाट दोन प्रकारची चित्रं तयार करेल आणि कुठेही चूक झाली म्हणून सांगणार नाही. हाताने काम करणारा माणूस एका फाइलीत चुकतो. मॅक्रो चुकला तर २४० फाइलींत चुकतो.

म्हणून सुरुवातीलाच मॅक्रोला एक प्रश्न विचारायला लावायचा : केंद्रकाचा चॅनल कितवा, तंतूंचा कितवा, तिसरा कोणता. आणि प्रत्येक फाइल उघडली की चॅनल मोजायचे. तीन नसतील तर ती फाइल बाजूला ठेवायची आणि लॉगमध्ये, म्हणजे मॅक्रोच्या नोंदवहीत, तिचं नाव लिहायचं. अंदाज बांधायचा नाही.

(पडद्यावर : दोन करड्या प्रतिमा. एक लख्ख, एक मंद.)

आता सर्वांत घातक जागा. इथे जरा थांबू.

या दोन प्रतिमा १६ बिटच्या आहेत, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची किंमत शून्य ते ६५,५३५ यांपैकी काहीही असू शकते. पडद्यावर एवढ्या छटा मावत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर एक खिडकी ठरवतं : इथून खाली काळं, तिथून वर पांढरं. डावीकडे औषध दिलेल्या पेशी आहेत, त्यांची खिडकी १०० ते ३,०००. उजवीकडच्या पेशींना औषध दिलेलं नाही, त्या मंद आहेत, त्यांची खिडकी १०० ते ६००. ऑटो नावाचं बटण दाबलं की असंच होतं. प्रत्येक चित्र आपापल्या परीने उजळतं.

(दोन्ही प्रतिमा सारख्याच उजळ होतात.)

दोन्ही सारख्या दिसायला लागल्या. औषधाचा परिणाम डोळ्यांदेखत पुसला गेला. इथपर्यंत तरी बिघाड फक्त दिसण्यात होता, खाली पिक्सेलच्या किमती जागच्या जागी होत्या. पण आता मॅक्रोच्या पुढच्या ओळीत चित्र ८ बिटचं, म्हणजे शून्य ते २५५ किमतींचं, करा असं लिहिलेलं असेल, तर इमेजजे वेगळं काही सांगितलं नसल्यास हीच खिडकी धरून किमती नव्याने मोजतं. ६०० किमतीचा पिक्सेल डावीकडच्या चित्रात ४४ होतो. उजवीकडच्या चित्रात तोच ६०० होतो २५५. एकाच उजेडाच्या दोन किमती झाल्या. फाइल जतन झाली की ६०० परत मिळत नाही.

म्हणून मॅक्रोत ऑटो नको. पूर्ण प्रयोगातल्या काही प्रतिमा, मंद आणि लख्ख दोन्ही, आधी डोळ्यांखालून घालायच्या आणि प्रत्येक चॅनलसाठी एक खालची आणि एक वरची मर्यादा ठरवायची. त्या मर्यादा मॅक्रोच्या अगदी वरच्या ओळींत आकड्यांत लिहायच्या. मग सगळ्या फाइलींना त्याच. मोजमाप कायम मूळ १६ बिटच्या चित्रावर करायचं, रंगीत चित्र फक्त दाखवायला. आणि तयार चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायची, मूळ फाइलीवर कधीच नाहीत.

(पडद्यावर : छापील शोधनिबंधाचं पान. चित्रांच्या चौकटी.)

जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी या नियतकालिकाने २००२ पासून, स्वीकारलेल्या निबंधांतली चित्रं छापण्याआधी तपासायला सुरुवात केली. त्यांचा नियम थोडक्यात असा : उजळपणा आणि रंग बदलायला हरकत नाही, पण बदल पूर्ण चित्राला लागू असावा आणि त्यामुळे काही लपता कामा नये. नेमका कोणता बदल केला असं कुणी विचारलं तर मॅक्रोची फाइल पुढे ठेवता येते. हाताने केलेल्या २,४०० क्लिकांची नोंद कुणाकडेच नसते.

(पडद्यावर : लाल-हिरवं चित्र. ते हळूहळू पिवळट-तपकिरी होत जातं.)

आणखी एक. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. त्यांना हे चित्र काहीसं असं दिसतं. कुठे दोन प्रथिनं एकत्र आहेत आणि कुठे वेगळी, हेच तर चित्राने सांगायचं होतं. हातात मॅक्रो आहे तर एका ओळीत रेडच्या जागी मॅजेंटा लिहा आणि पुन्हा चालवा. किरमिजी आणि हिरवा जिथे एकत्र येतात तिथे पांढरं दिसतं. माझं मत विचाराल तर शेजारी प्रत्येक चॅनल करड्यातही द्यावा. मंद बारकावे रंगापेक्षा करड्यात स्पष्ट कळतात.

(पडद्यावर : पुन्हा ती रिबीन. मग एक करडी चौकट.)

मॅक्सवेलच्या लाल काचेकडे परत येऊ. एका रंगद्रव्याचा उजेड शेजारच्या चॅनलमध्ये झिरपणं ही सूक्ष्मदर्शकावरची रोजची गोष्ट आहे. मॅक्रोला ते कळत नाही. त्यासाठी एकच रंगद्रव्य घातलेला नमुना तयार करायचा आणि तो सगळ्या चॅनलमध्ये टिपायचा. जिथे काहीच दिसायला नको तिथे उजेड आला, तर तो किती आला ते कळतं. हे काम मॅक्रो लिहिण्याआधीचं आहे.

(पडद्यावर : लॉगची खिडकी. एकामागून एक नावं सरकत आहेत.)

मॅक्रो चालू आहे. एकशे बारा. एकशे तेरा. एकशे चौदा.

(एक ओळ उमटते : "चार चॅनल सापडले, तीन अपेक्षित. फाइल वगळली.")

पुढच्या फाइली चालू राहिल्या. सगळं संपल्यावर ही एक फाइल हाताने उघडली जाते. चौथा चॅनल साध्या उजेडात घेतलेल्या प्रतिमेचा निघतो. पेशींची बाह्यरेषा त्यात स्वच्छ दिसते. कुणीतरी त्या दिवशी एक जादा खेप घेतली होती आणि वहीत लिहायचं राहिलं होतं. मॅक्रोत एक ओळ वाढते : चार चॅनल असतील तर चौथा करडाच ठेवा. शेजारी आजची तारीख लिहिली जाते आणि २४० फाइली पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

(काळोख.)