यंत्रभाषेतून सोडवलेली रेल्वे

(दृश्य: तिरक्या कोनातून दिसणारा हिरवा नकाशा. छोटी स्टेशनं, धूर सोडत जाणारी इंजिनं.)

साल १९९५. गेम: ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’. कर्ज काढायचं, रूळ टाकायचे, खाणीतला कोळसा वीजकेंद्रापर्यंत न्यायचा आणि मिळालेल्या पैशातून आणखी रूळ टाकायचे. ख्रिस सॉयर या स्कॉटिश प्रोग्रामरनी तो असेम्ब्लीत लिहिला, म्हणजे प्रोसेसरला द्यायची एकेक आज्ञा स्वतः मांडून. त्या काळच्या तोकड्या संगणकांवरही गाड्यांचा एवढा पसारा सुरळीत चालायचा, त्याचं श्रेय बरंचसं या मेहनतीला जातं.

पुढे डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टम मागे पडली आणि नव्या संगणकांवर गेम कुरकुरू लागला. मूळ सोर्स कोड, म्हणजे सॉयर यांनी लिहिलेला मजकूर, खुला झालेला नव्हता. लोकांच्या हातात होती फक्त चालणारी फाइल. आकड्यांची लांबच लांब रांग.

(दृश्य: काळ्या पडद्यावर सरकणारे आकडे.)

या रांगेत १८४, ५, ०, ०, ० दिसले, तर ३२ बिटच्या इंटेल प्रोसेसरला ती आज्ञा असू शकते: अमुक रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, ५ ठेव. आकड्यांतून अशा आज्ञा वाचून काढणारा डिसअसेम्ब्लर इथपर्यंत आणून सोडतो. पाच कसले, ते त्याला ठाऊक नसतं. डबे? वर्षं? पाचव्या क्रमांकाची कंपनी?

ते शोधायचं तर गेम चालू ठेवून मेमरीवर पाळत ठेवायची. एक इंजिन विकत घ्यायचं आणि नेमका तेवढ्याच रकमेनं कुठला आकडा उतरला, ते बघायचं. सापडला की त्या जागेला नाव द्यायचं: ‘शिल्लक’. आता त्या जागेला हात लावणारा कोड पैशांचा व्यवहार करतोय, हे उघड होतं आणि त्या धाग्यानं पुढची नावं सुटत जातात. तयार प्रोग्राम असा उलट दिशेनं उलगडणं म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग. ते म्हटलं की लोकांना कुलूपतोड आठवते. प्रत्यक्षात वेळ खातं ते हे नावं देणं.

सी भाषेतल्या गेममध्ये तो कोड यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर आपल्या सवयी मागे ठेवतो. फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारा कोडचा तुकडा, कुठे सुरू झालं, कुठे संपलं, हे ठरावीक खुणांवरून ओळखता येतं. हातानं लिहिलेल्या असेम्ब्लीत ती शिस्त असेलच असं नाही. लेखकाला सोयीचं वाटलं तर एका फंक्शनमधून थेट दुसऱ्याच्या पोटात उडी मारली जाते.

(दृश्य: स्वीडनचा नकाशा.)

हे काम अंगावर घेतलं स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेयस यांनी. ते या वाटेवर नवखे नव्हते. २००१ मध्ये त्यांनी व्हिन्सेंट हॅम यांच्यासोबत जुने गेम नव्या संगणकांवर चालवणारं ‘स्कमव्हीएम’ सुरू केलं होतं. लुकासआर्ट्स कंपनीच्या साहसी गेममध्ये गोष्ट वेगळ्या स्क्रिप्टमध्ये असायची आणि ती वाचून चालवणारा इंटरप्रिटर वेगळा. तेवढा इंटरप्रिटर नव्यानं लिहिला की जुन्या फाइली नव्या यंत्रावर चालतात.

सॉयर यांच्या गेममध्ये अशी सोयीची फट नव्हती. अख्खा प्रोग्रामच सी भाषेत उतरवावा लागला. २००४ मध्ये तो ‘ओपनटीटीडी’ नावानं जीपीएल, म्हणजे कोड कुणालाही वापरू आणि बदलू देणाऱ्या परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला.

कायद्याच्या नजरेत हा सरळ मामला नाही. १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अॅकोलेड खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयानं सुसंगततेसाठी केलेलं डिसअसेम्ब्ली ‘फेअर यूज’, म्हणजे कॉपीराइटमध्ये चालणारा रास्त वापर, मानलं होतं. पण अख्खा गेम दुसऱ्या भाषेत उतरवणं म्हणजे त्याच्या बरंच पुढे जाणं. चित्रं आणि आवाज तर मूळ मालकांचेच. म्हणून सुरुवातीला खेळणाऱ्याकडे मूळ गेमच्या फाइली असाव्याच लागत. स्वयंसेवकांनी सगळी चित्रं नव्यानं काढली, आवाज आणि संगीतही जमवलं. २०१० च्या १.० आवृत्तीपासून मूळ फाइलींशिवाय खेळता येऊ लागलं. कोडपेक्षा हे काम कमी किचकट होतं, असं मला अजिबात वाटत नाही.

(दृश्य: नकाशातला एक चौकोन मोठा होत जातो.)

आता हा एक चौकोन बघा. मूळ गेममध्ये नकाशावर असे २५६ गुणिले २५६ चौकोन. प्रत्येकाचा प्रकार आणि उंची मिळून एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत, बसवलेली: चार बिट प्रकाराला, चार उंचीला. चार बिटांत पंधराच्या वर आकडा मावत नाही, म्हणून डोंगरही पंधरा पायऱ्यांवर थांबायचा. जागा वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर नव्या कोडमध्येही जशीच्या तशी आली. यायलाच हवी होती, कारण जुने सेव्ह केलेले गेम उघडायचे तर जुन्या चौकटीशी इमान राखावं लागतं.

स्ट्रिगेयस नंतर या प्रकल्पातून बाजूला झाले. २००५ मध्ये त्यांचं फाइली उतरवून घेण्याचं ‘म्यूटोरेंट’ आलं, पुढे ते स्पॉटिफाय या संगीतसेवेच्या सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी एक झाले. पण कोड खुला होता, त्यामुळे काम त्यांच्यावाचून अडलं नाही. नकाशाची कमाल मर्यादा ४०९६ गुणिले ४०९६ वर गेली. आणि २०१५ च्या १.५ आवृत्तीत उंची त्या चार बिटांतून बाहेर काढली गेली. आता डोंगर २५५ पायऱ्यांपर्यंत चढवता येतो, आणि तिथवर रूळ न्यायचे कसे, ही खेळणाऱ्यांची नवी डोकेदुखी आहे.