कसाऱ्याचा थांबा

कसारा स्टेशन. नाशिककडे निघालेली मेल गाडी उभी आहे. लांबच्या प्रवाशांपैकी इथे उतरणारं कुणी नाही, तरी गाडी हलत नाही. मग शेवटच्या डब्यामागून हळूहळू इंजिनं येतात, हलकासा धक्का बसतो, वरच्या बर्थवरचा माणूस कूस बदलतो. बँकर, म्हणजे मागून रेटणारी जादा इंजिनं, लागले.

पुढे थळ घाट. चढ १:३७. सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. डांबरी रस्त्यावर हे काहीच नाही. पोलादी रुळावर पोलादी चाकाला मात्र फार. इंजिनाची चाकं जागीच फिरू शकतात, शिवाय सगळ्या गाडीचा भार पुढच्या कपलिंगवर येतो. म्हणून मागून रेटा. इगतपुरीला बँकर सोडायचे, की पुन्हा थांबा.

भोर घाटातही हेच. कर्जतला बँकर लागेपर्यंत फलाटावर बटाटेवडे खपत आले. प्रवाशांची तक्रार नव्हती, वेळापत्रकाची होती.

गाड्या वेगवान करायच्या म्हटलं की आपण ताशी १३०, १६० असे आकडे बोलतो. पण ११० ऐवजी १३०ने धावलं, तर शंभर किलोमीटरमागे वाचतात जेमतेम आठ मिनिटं. ती एका थांब्यात जातात.

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईहून नाशिक, भोपाळमार्गे दिल्लीची राजधानी सुरू झाली. त्याच वर्षी तिला ‘पुश-पुल’ जोडी मिळाली: एक इंजिन पुढे, एक मागे, दोन्हींचा ताबा पुढच्या लोको पायलटकडे. कसाऱ्याला जोडणं नाही, इगतपुरीला सोडणं नाही. पंधराएक किलोमीटरच्या घाटासाठी मागचं इंजिन थेट दिल्लीपर्यंत न्यायचं, ही मला आधी चैनच वाटली होती. पण प्रत्येक थांब्यानंतर गाडी लवकर वेग घेते, ती याच जोडीमुळे.

फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीची वंदे भारतही हाच घाट बँकरविना चढते. तिच्या मोटारी डब्यांखालीच आहेत.

मालगाड्यांना मात्र बँकर लागतातच. आणि वर गेलेली ही इंजिनं पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली आणावी लागतात, त्याच घाटातून, त्याच रुळांवरून. त्यांनाही वाट द्यावी लागते. तोवर कसाऱ्याला मागची गाडी सिग्नलकडे बघत उभी.