मागच्या सीटखालचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

दहा-पंधरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. अशी गाडी आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या सिग्नलला थांबते, काचा वर असतात, आणि मागच्या सीटखालून 'ऊंऽऽ' असा बारीक, सलग आवाज येत राहतो. गॅरेजला नेली की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं: "पंप गेला, नवीन टाकू." हा पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलणारा. काही हजार रुपये जातात. कधी आवाज थांबतो. कधी थोड्याच महिन्यांत नवा पंपही तसाच ओरडायला लागतो. माझं सांगणं असं की, पंप ओरडतो तेव्हा बहुधा त्याला कोणीतरी छळत असतं. आधी त्याला शोधायचं, पंप बदलायचा विचार शेवटी.

मुळात आवाज पंपाचाच आहे का, ते बघा. सेल्फ न मारता चावी नुसती 'ऑन'वर न्या. बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेकंद मागून बारीक गुणगुण येते आणि थांबते. लाइनमध्ये दाब तयार करण्यासाठी पंप तेवढा चालतो. ही गुणगुण म्हणजे आजार नव्हे, ती यायलाच हवी. गाडीचा वेग वाढला की वाढणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा. पंपाला वेगाशी फारसं देणंघेणं नसतं, गाडी उभी असतानाही तो तसाच वाजतो.

जुनी पद्मिनी किंवा कार्बोरेटरची मारुती ८०० ज्यांनी अजून जपली आहे, त्यांचा पंप वेगळा. तो इंजिनवर बसवलेला, कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, धक्क्यावर चालणारा. तिथे 'टक टक' वाढली तर लिव्हर झिजलेला असतो. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर आतला पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. मग गाडी चालवू नका.

२०००च्या सुमारास आपल्याकडे इंजेक्शनच्या गाड्या सर्रास आल्या आणि पंप टाकीच्या आत गेला. तो विजेवर चालतो आणि साधारण ३ बारच्या आसपास दाब देतो. महत्त्वाची गोष्ट अशी की, पेट्रोल या पंपाच्या मोटरीतूनच वाहतं. तेच त्याला गार ठेवतं, तेच त्याचं वंगण. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवणारा माणूस पंपाला उपाशी आणि तापलेला ठेवतो. मुंबईहून येताना कसारा घाट चढायचा, टाकीत चार लिटर पेट्रोल, चढावर ते एका अंगाला जातं, पंप मध्येच हवा ओढतो. शहाळ्याचं पाणी तळाला गेलं की नळी जशी आवाज करते, तसंच त्याचं होतं. त्यात एप्रिल-मे महिन्याचं ऊन! आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि तापलेल्या पेट्रोलची वाफ लवकर होते. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका.

सीएनजीवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही पेट्रोल पंप चालूच राहतो. मालक पेट्रोल टाकत नाही, तळाशी जुनं, शिळं पेट्रोल उरतं, पंप त्यात घुसमटतो. रोज सकाळी थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, म्हणजे ते बदलत राहील.

आता तपासाचा क्रम. पहिली तपासणी फुकटची आहे. आवाज चालू असताना गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन बंद करा आणि टाकीचं झाकण फिरवा. हवा जोरात आत ओढली गेली, आणि झाकण सैल ठेवून इंजिन चालू केल्यावर आवाज कमी झाला, तर टाकीत हवा यायची वाट बुजली आहे. टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप त्याच्याविरुद्ध ओढत राहतो. अशा वेळी दोष झाकणाच्या वाल्वचा किंवा वाफेच्या नळीचा असतो. झाकण बदलून हा त्रास मिटला, तर पंपाला हात लावायचीही गरज नाही.

मग फिल्टर. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो खाली, टाकीजवळ असतो. चोंदला की पंपाला जास्त जोर लावावा लागतो, तो जास्त करंट खातो, आवाज चढतो. बदलताना फिल्टरवरच्या बाणाची दिशा इंजिनाकडे हवी. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी मात्र टाकी उघडल्याशिवाय दिसत नाही. बहुतेक कचरा तिच्यातच अडकतो.

वायरिंगकडे लोक फार दुर्लक्ष करतात. जुन्या गाडीचं अर्थिंग गंजतं, कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात, आणि पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. मग तो सूर वर-खाली करत चालतो. मेस्त्रींना सांगा, मीटर लावून बॅटरीवरचं आणि पंपाच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज पंप चालू असताना मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा फारसा फरक नको. उलटही होतं: अल्टरनेटर १५ व्होल्टच्या वर देत असेल तर पंप जास्त वेगाने फिरतो आणि तेवढाच जास्त ओरडतो.

कधी कधी पंप ठणठणीत असतो, फक्त त्याच्याभोवतीचं रबर कडक झालेलं असतं. आधी त्या रबरात आवाज शोषला जायचा, तो आता थेट बॉडीपर्यंत पोहोचतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि मका दोन्ही पिकतात, त्यांचीच ही पुढची वाट. पण जुन्या गाडीचं रबर त्याच्या सवयीचं नसतं. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं. ओलावा फार झाला तर पाण्याचा थर खाली, नेमका पंपाजवळ बसतो. म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

एवढं सगळं तपासूनही आवाज राहिला, तर पंप बदला. तोही नीट. टाकी जवळजवळ रिकामी असताना, उघड्या जागी. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करायचं, लाइनमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीवर साचते, गॅरेजच्या खड्ड्यात तर हमखास. विडी नको, उघडा बल्ब नको. पंपाला टाकीत घट्ट धरणारी वरची रिंग लोखंडी छिन्नीने ठोकून सोडवू नये, लाकडी किंवा पितळी ठोकणी वापरावी. नव्या पंपाबरोबर नवी सील आणि नवी जाळी घ्याच. टाकीच्या आतला होज पाइप पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलाच हवा. नेहमीचा पाइप बाहेरून फुगून फाटतो.

बसवून झाल्यावर दोन-चार लिटर पेट्रोल टाका, सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, आणि टॉर्च लावून प्रत्येक जोड बघा. थेंब दिसला तर सीट बसवू नका, रिंग पुन्हा सोडा आणि सील तपासा.

नमस्कार.