बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरवताना: दोन पंप की एक?

नमस्कार. आजचा विषय जड आहे. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तिकडे हल्याळ-कारवारपर्यंत ज्यांच्या घरी हृदयात गुंतागुंतीचा दोष असलेलं बाळ जन्माला आलंय, त्यांना तो पुढच्या महिन्यात कळून उपयोगाचा नाही. म्हणून थेट मुद्द्यावर येते.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात घेऊन आई-बाबा येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, बेंगळूरला न्यायचं की पुण्याला?" पाठोपाठ दुसरा, "खर्च किती येईल?" दोन्ही प्रश्नांवर बोलणार आहे. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: या बाळाचं हृदय शेवटी दोन पंपांवर चालणार आहे, की एकाच?

[पडद्यावर: हृदयाचे चार कप्पे]

हृदयात खाली दोन कप्पे असतात. डावा अख्ख्या अंगाला रक्त पाठवतो, उजवा फुफ्फुसांना. हे ते दोन पंप. मधल्या पडद्याला नुसतं भोक असेल तर दोन्ही पंप धड असतात. भोक बुजवलं की बहुतेक मुलं आपल्यासारखीच जगतात. गुंतागुंतीच्या दोषात मात्र एखादा कप्पाच वाढलेला नसतो. एखादा व्हॉल्व्ह तयारच झालेला नसतो. दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या एकाच कप्प्यातून निघतात, नाहीतर त्यांची अदलाबदल झालेली असते.

दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. त्यातल्या चौघांपैकी एकाला पहिल्या वर्षातच ऑपरेशन किंवा कॅथेटरचा, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून करायचा, उपचार लागतो.

आता वाटा दोन. पहिली, दोन्ही पंप कामाला लावायची. उदाहरण देते. अंगाला रक्त नेणारी महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी यांची अदलाबदल झालेलं बाळ जन्मल्यावर काही तासांत, काही दिवसांत निळं पडायला लागतं. इथे धमन्या कापून आपापल्या जागी जोडतात, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक कोरोनरी धमन्याही उचलून नव्या जागी लावतात. ब्राझीलच्या अदीब जातेने यांनी १९७५ मध्ये हे पहिल्यांदा यशस्वी केलं. आज अनुभवी केंद्रांत १०० पैकी ९५ हून अधिक बाळं या ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर येतात. पण त्याला मुदत आहे. पडद्याला मोठं भोक नसेल तर ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावं लागतं. डाव्या कप्प्यावर फुफ्फुसांपुरतंच हलकं काम पडत राहिलं की त्याचे स्नायू पातळ होतात, आणि मग अंगभर रक्त ढकलण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. "बारसं आटपून नेऊ" म्हणणाऱ्या घरांना मी हात जोडून सांगते, बारशासाठी थांबू नका.

दुसरी वाट एका पंपाची. एक कप्पा कामाचाच नसेल तर जो चांगला आहे त्याला अंगाचं काम द्यायचं, आणि अशुद्ध रक्त पंपाशिवायच फुफ्फुसांत सोडायचं. हे एका ऑपरेशनमध्ये होत नाही. जन्मानंतर लगेच, बाळ फार निळं असेल तर फुफ्फुसांकडे रक्त नेणारी छोटी नळी, म्हणजे शंट. उलट फुफ्फुसांकडे रक्ताचा लोंढा जात असेल तर फुफ्फुसाच्या धमनीला पट्टी बांधून तो आवळायचा. साधारण चार ते सहा महिन्यांचं झाल्यावर ग्लेन ऑपरेशन: डोकं आणि हातांकडून येणारी मोठी शीर फुफ्फुसाच्या धमनीला जोडतात. मग दोन ते चार वर्षांच्या दरम्यान फॉन्टन: खालच्या अंगाचं रक्तही तिकडेच वळवतात.

या प्रत्येक टप्प्यामागे माणसांचे कष्ट आहेत. शंट पहिल्यांदा १९४४ मध्ये बाल्टिमोरला झाला. कल्पना हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंची, ऑपरेशन आल्फ्रेड ब्लेलॉक यांचं, आणि ते प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बसवून दाखवलं व्हिव्हियन थॉमस यांनी. थॉमस कृष्णवर्णीय होते, त्यांच्याकडे डॉक्टरची पदवी नव्हती, आणि त्यांचं नाव कितीतरी वर्षं कुणी घेतलंच नाही. मी ते मुद्दाम घेते. पुढे १९५८ मध्ये ग्लेन आणि १९६८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत फॉन्टन यांनी ही वाट पुरी केली.

फॉन्टन नीट समजायचं तर आपल्या उसाच्या फडातलं पाटाचं पाणी डोळ्यासमोर आणा. मोटर नाही, नुसता उतार आहे, तर पाणी पुढे जायला पाट मोकळा हवा. फुफ्फुसांतला दाब जरा वाढला की फॉन्टनचं रक्त तुंबतं. म्हणून एका पंपाच्या वाटेवरच्या बाळाची फुफ्फुसं पहिल्या महिन्यापासून जपावी लागतात. लहानपणी पट्टी बांधायची राहून गेली, तर चौथ्या वर्षी सर्जन कितीही निष्णात असला तरी त्याला फॉन्टन करता येत नाही.

आता अवघड भाग. काही बाळांचं हृदय या दोन वाटांच्या मधे असतं. दोन्ही धमन्या उजव्या कप्प्यातून निघालेल्या आणि पडद्याचं भोक त्यांच्यापासून लांब. किंवा डावा कप्पा आहे, पण लहान. एक टीम म्हणते, "लांबलचक ऑपरेशन आहे, जोखीम आहे, पण दोन पंप करता येतील." दुसरी म्हणते, "ग्लेन करू, सुरक्षित आहे." घरचे गोंधळतात आणि बऱ्याचदा ज्याने आज कमी धोका सांगितला त्याच्याकडे जातात.

माझं मत सांगते. ग्लेन-फॉन्टनची जोखीम आज कमी दिसते, पण तिचा हिशेब पुढे चुकता करावा लागतो. वीस-तीस वर्षांत यकृतावर परिणाम होतो, ठोके अनियमित होतात, काहींच्या आतड्यातून प्रथिनं निसटायला लागतात. म्हणून दोन पंप खरोखर होण्यासारखे असतील आणि असं ऑपरेशन नेहमी करणारं केंद्र मिळत असेल, तर आजची जास्त जोखीम पत्करावी, या मताची मी आहे. पण ओढूनताणून नको. लहान डाव्या कप्प्यावर अख्ख्या अंगाचा भार टाकला तर मागे फुफ्फुसांत दाब चढतो, आणि मग फॉन्टनकडे परतायची वाटही अवघड होऊन बसते. त्यापेक्षा वेळेवर केलेलं चांगलं फॉन्टन बरं.

त्यामुळे सर्जनना तीन गोष्टी विचारा. हे शेवटचं ऑपरेशन आहे की पहिलं? यानंतर कोणती वाट बंद होते? आणि तुमच्याकडे हेच ऑपरेशन, एवढ्याच वजनाच्या बाळांवर, वर्षाला किती होतात? चांगल्या टीमला या प्रश्नांचा राग येत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन पंपांच्या बाळातही दरवेळी "शेवटचं" असं नसतं. टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे पडद्याला भोक आणि फुफ्फुसांकडची वाट अरुंद असा दोष, त्याची दुरुस्ती साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत होते, मूल शाळेत जातं, खेळतं, पण पुढे अनेकांना फुफ्फुसाच्या धमनीतला व्हॉल्व्ह बदलावा लागतो. जिथे कृत्रिम नळी घालतात तिथे मूल वाढतं, नळी वाढत नाही. तीही बदलावी लागते.

आता एक गोष्ट सावकाश सांगते, कारण हिच्यामुळे आपल्या भागातली मुलं हातची जातात. पडद्याला मोठं भोक असलेलं बाळ सुरुवातीला दूध पिताना घामाघूम होतं, धापा टाकतं, सारखं न्यूमोनियाने आजारी पडतं, वजन धरत नाही. मग वर्ष-दीड वर्षानंतर त्याची धाप कमी होते. खोकला थांबतो. घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आज्जी म्हणते, "बघ, औषधानं गुण आला, कापाकापी कशाला?" पण आत वेगळंच घडत असतं. रक्ताच्या माऱ्याने फुफ्फुसांच्या धमन्या जाड, कडक होतात, दाब चढतो आणि तिकडे रक्त जाणंच कमी होतं, म्हणून धाप थांबते. हे पुढे गेलं तर भोक बुजवणंच धोक्याचं ठरतं, आणि मूल हळूहळू निळं पडायला लागतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत हे आणखी लवकर होतं. त्यांच्या मधल्या पडद्याचा आणि व्हॉल्व्हचा दोष तीन ते सहा महिन्यांत दुरुस्त करावा लागतो. ऑपरेशनची तारीख ठरलेल्या बाळाला आपोआप बरं वाटायला लागलं, तर तारीख पुढे ढकलू नका. लगेच एको करून घ्या.

गावाचं अंतर हाही निर्णयाचा भाग आहे. शंट घातलेलं बाळ घरी आलं की ग्लेनपर्यंतचे महिने सगळ्यात नाजूक. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर शंट गुठळीने बंद पडू शकतो. अशा बाळाला "ओआरएस देऊन उद्या बघू" चालत नाही, त्याच दिवशी दवाखाना. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात रस्ते कसे होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं गाव तिकडे असेल तर ते महिने बेळगावात, नाहीतर जिथे बाळरोगाचा आयसीयू आहे तिथे पाहुण्यांकडे राहण्याची सोय बघा, आणि सर्जनना हे आधी सांगा. कधीकधी तेवढ्यावरूनही उपचार बदलतो. अजून एक: अशा बाळाचं ऑक्सिजन मीटरवर ७५ ते ८५ दिसणं अपेक्षितच असतं. डिस्चार्ज कार्डवर तो आकडा लिहून घ्या, गावातल्या डॉक्टरांना दाखवून ठेवा.

आता पैसा आणि हद्द. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल असाल तर खर्चाचा काहीच हिस्सा. बहुतेक वेळा सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं, त्यासाठी बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात जा. अंगणवाडीत आणि शाळेत तपासायला येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं, त्यांच्याकडे बाळाची नोंद करा. १८ वर्षांपर्यंत त्याचा उपयोग आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला आणि त्यावरून दोन सरकारांत वाद झाला. वाद त्यांचा त्यांनी बघावा. आई-बाबांनी ज्या रुग्णालयात जायचं तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधी फोन करून लहान मुलांचं हेच ऑपरेशन योजनेत बसतं का, एवढं पक्कं विचारावं. बेळगावात केएलईच्या प्रभाकर कोरे रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया होतात. बेंगळूरला जयदेव आणि नारायणा ही रुग्णालयं आहेत, व्हाइटफील्डचं सत्यसाई रुग्णालय पैसे घेत नाही. खारघर आणि नवा रायपूरची सत्यसाई संजीवनी केंद्रंही मुलांची ऑपरेशनं मोफत करतात.

ठिकाण निवडताना पुढच्या टप्प्यांचा विचार आत्ताच करा. पहिलं एकीकडे, दुसरं दुसरीकडे, तिसऱ्याच्या वेळी जुनी फाईल सापडत नाही, असं झालं की नवा सर्जन अर्धवट माहितीवर छाती उघडतो. पूर्ण प्रवास एकाच टीमकडे झाला तर उत्तम.

ऑपरेशन न करणं हाही कधीकधी प्रामाणिक निर्णय असतो. डावा कप्पा जवळजवळ नसलेल्या बाळात पहिलंच ऑपरेशन फार मोठं असतं. सगळं समजून घेऊन एखाद्या कुटुंबाने बाळाला त्रास होणार नाही एवढंच बघायचं ठरवलं, तर त्यांना दोष देऊ नका.

आणि आईला तर मुळीच नाही. ग्रहणात भाजी चिरली म्हणून हृदयाला भोक पडत नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नांत धोका थोडा वाढतो, हे खरं आहे, पण ती लग्नं काही तिने एकटीने ठरवलेली नसतात. पुढच्या गरोदरपणात १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाचा एको करून घ्या, म्हणजे दोष असलाच तर बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरवता येतं.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका. एकोचे व्हिडिओ, सीटी झालं असेल तर त्याची सीडी, वजनाची नोंद, सगळं पेनड्राइव्हवर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि समजत नसेल, तर सही करण्याआधी "आम्हाला मराठीतून सांगा" म्हणा. आणि ते ऐकायला बाळाच्या आईला आत घेऊन जा, तिला बाहेर बाकावर बसवू नका.

शेवटी, हा व्हिडिओ बघताना तुमचं बाळ एकदम गडद निळं पडलं, रडून रडून गळून गेलं, दूध तोंडातच घेईना, तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा, १०८ ला फोन लावा आणि निघा. फाईल सोबत घ्या.