लिओंटिन प्राइस: नाईलच्या काठावरचा निरोप

३ जानेवारी १९८५, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस. स्टेजवर नाईलचा काठ, रात्र, आणि व्हर्दी या इटालियन संगीतकाराच्या 'आयदा' या ऑपेरात आयदा झालेली गायिका लिओंटिन प्राइस, वय ५७. आयदा म्हणजे इथिओपियाची राजकन्या, इजिप्तमध्ये गुलाम होऊन पडलेली, आणि ती आता आपल्या मुलखाला सांगतेय की तू मला पुन्हा दिसणार नाहीस. आणि माइक नाही बरं का, ऑपेरात नसतोच, समोर अख्खा ऑर्केस्ट्रा वाजत असतो आणि त्याच्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत नुसता गळा पोचवायचा, त्यात व्हर्दीने या गाण्यात सूर इतका वर नेऊन ठेवलाय की भल्याभल्या सोप्रानोंना, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणाऱ्या बायकांना, तिथे धडकी भरते, कारण तिथे ओरडून चालत नाही, हळुवारच गावं लागतं.

ही मुलगी मिसिसिपीतल्या लॉरेलची. जन्म १९२७. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला, आई सुईण, चर्चमध्ये गायची. लहान असताना तिने जॅक्सनला मारियन अँडरसन या नामवंत काळ्या गायिकेचं गाणं ऐकलं, आणि तिथेच काहीतरी ठरलं असावं असं मला मनापासून वाटतं. पुढे ओहायोत शिक्षण, मग न्यूयॉर्कची जुलियर्ड ही संगीतशाळा.

१९५५ साली तिने टीव्हीवर 'टोस्का' या ऑपेरातली टोस्का गायली तर दक्षिणेतल्या काही स्टेशनांनी ती दाखवलीच नाही, कारण काय, तर बाई काळी. तरी १९६० मध्ये मिलानच्या ला स्काला या नावाजलेल्या ऑपेरा हाउसात ती आयदा गायली!

मेटकडूनही, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या मेट्रोपॉलिटन ऑपेराकडूनही, आधी आयदासाठीच विचारणा झाली होती. तिने नाही म्हटलं. म्हणजे बघा, हातात आलेलं मेट सोडलं, कारण तिथे पहिलं पाऊल गुलामाच्या भूमिकेतून टाकायचं नव्हतं. २७ जानेवारी १९६१ ला ती आली ती 'इल त्रोव्हातोरे' या ऑपेरातली लिओनोरा होऊन, खानदानी सरदारघराण्यातली बाई. त्या रात्री टाळ्या ४२ मिनिटं चालल्या असं सांगतात.

आणि निरोपाला तिने कुठली भूमिका घेतली? आयदा. आता स्वतःच्या मर्जीने.

१९८५च्या त्या रात्रीचं रेकॉर्डिंग बघा. नाईलकाठच्या गाण्याचा शेवटचा सूर विरतो, लोक उठतात, ती जागची हलत नाही, तोंडावर आयदाच ठेवायची धडपड चाललीय, ओठ मात्र ऐकत नाहीत. यापुढे आयदाच्या बापाने स्टेजवर यायचंय, पण तो येणार कसा, टाळ्याच थांबत नाहीयेत.