बायणा: खोल्या मोडल्यानंतर

(बायण्याचा किनारा, सकाळ)

गोव्यातल्या वास्कोचा हा बायण्याचा किनारा. मुरगाव बंदराकडे जाणारा उड्डाणपूल आता इथूनच जातो. दोन दशकांपूर्वी याच वाळूला लागून वेश्यावस्तीच्या दाटीवाटीच्या खोल्या होत्या, आणि जहाजांवरचे खलाशी, खनिजाच्या ट्रकांचे चालक व पर्यटक ही तिथली गिऱ्हाईके होती. खोल्यांतील बहुतेक स्त्रिया आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातून आलेल्या होत्या. कुणाच्या नावावर दलालाने घरच्यांना दिलेली उचल असे, आणि ती किती फिटली याचा हिशेब घरवालीच्याच, म्हणजे धंदा चालवणाऱ्या बाईच्याच, वहीत राही.

(जुनी छायाचित्रे)

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००३ सालच्या आदेशानंतर, जून २००४ मध्ये, भर पावसात या खोल्या पाडण्यात आल्या. आदेशात पुनर्वसनही होते. बुलडोझर मात्र वेळेवर पोहोचला. वस्ती होती तेव्हा निरोधची पाकिटे घेऊन दारोदार जाणाऱ्या कार्यकर्त्यांना कुठल्या दारावर थाप मारायची हे ठाऊक असे. आता धंदा लॉजमध्ये, भाड्याच्या सदनिकांत आणि दलालाच्या मोबाईलवर चालतो. पत्ता गिऱ्हाइकाला कळतो, कार्यकर्त्याला कळत नाही, आणि पुष्कळदा त्या स्त्रीलाही कळत नाही.

(लॉजचा जिना, कॅमेऱ्याला वर जाऊ दिले नाही)

ज्या खोलीची किल्ली आपल्या हाती नाही, त्या खोलीत ‘निरोध वापर’ असे सांगण्याला फारसे वजन नसते. जादा पैसे मोजणाऱ्याला घरवाली नकार देत नाही, आणि छाप्यात पिशवीत सापडलेले निरोधच पुरावा ठरतील ही भीती वेगळीच. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी निरोधला गुन्ह्याचा पुरावा मानू नये असे निर्देश दिले. ते या जिन्यापर्यंत पोहोचले असावेत असे वाटत नाही.

(शासकीय चाचणी केंद्र, फक्त हात)

येथे चाचणी मोफत होते आणि ती संमतीनेच करायची असते. आधी समुपदेशक बोलतात. मग बोटाचे टोक कापसाने पुसले जाते, सुई टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर पडतो. एक रेघ उमटली तर एचआयव्ही आढळलेला नाही, दोन उमटल्या तर पुढच्या चाचण्या. नुकताच झालेला संसर्ग पट्टीवर दिसत नाही, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा यायला सांगतात. गरमी, म्हणजे उपदंश, वेळीच कळला तर पेनिसिलिनने बरा होतो. जबरदस्तीच्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले, तर एचआयव्हीची लागण टळू शकते. परंतु त्या ७२ तासांत बाहेर पडता आले पाहिजे.

वस्ती पाडल्यानंतरच्या काळात गोव्यात या व्यवसायातील ३२६ स्त्रियांचा अभ्यास झाला, आणि त्यांतील सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांना एचआयव्ही असल्याचे आढळले.

(दाराकडे जाणारी पाठमोरी स्त्री)

अहवालाचा कागद ती समुपदेशकाकडेच ठेवून निघते. खोलीवर तिची पिशवी रोज तपासली जाते.